मी माझी साक्ष मागे घेतली

घर

माझे बाबा रेणापूरच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लगीनसराईत घरात तेल-मीठ असायचं, पावसाळ्यात नसायचं. पावसाळ्यात बाबा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे आणि त्यांची बोटं उगाच विळ्याच्या मुठीवर हलत राहायची. त्यांना टीबी झाला. दीड महिना गोळ्या खाल्ल्या, खोकला थांबला, तोवर लग्नाच्या तिथी आल्या. आजारी माणसाला बँडमास्तर घेणार नाही म्हणून त्यांनी गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या पेटीत टाकली आणि वाजवायला गेले. पुढच्या लगीनसराईला ते नव्हते. मी तेव्हा अकरावीत होते.

माय लातूरच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जाते. बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा पापण्यांवर तुरीची पिवळी धूळ असायची. तिनं रडून घेतलंय का धुळीनं डोळे लाल झालेत, हे मला कधी ओळखू आलं नाही.

त्याच धुळीवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या नात्यात पहिली, आमच्या चर्चातल्या मुलींमध्ये पहिली. रविवारी शास्त्रपाठ वाचायला मलाच उभं करायचे. लातुरात एका खासगी क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. हे सगळं मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडं मोठेपणा म्हणूनही सांगते. पुढची चूक ह्याच मोठेपणातून झाली, म्हणून ते आधी सांगायलाच हवं.

निदान

दोन महिने खोकला होता. मी खडूच्या धुळीवर ढकलत होते. ब्लाउज ढिले झाले तेव्हा माय म्हणाली, "क्लासात जेवायला सुट्टी देत न्हाईत का तुला?"

थुंकीचा अहवाल मी दवाखान्याच्या खिडकीपाशी उभ्याउभ्या वाचला. खिडकीतली बाई म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा." मी म्हणाले, "मला वाचता येतं." ह्याच जंतूची आकृती मी आदल्या आठवड्यात फळ्यावर काढली होती.

मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, एवढंच. मग म्हणाली, "पुन्हा?"

त्या एका शब्दानंतर आम्ही दोघी त्या विषयावर आठ दिवस बोललो नाही. आरोग्य खात्याच्या आशाताई घरी येऊन गोळ्या देऊन गेल्या, सहा महिन्यांचं सांगून गेल्या. चर्चात मी कुणाला कळू दिलं नाही.

साक्ष

तिसऱ्या महिन्यात खोकला गेला. वजन वाढलं. त्याच सुमारास आमच्या चर्चाच्या पटांगणात तीन दिवसांची चंगाईची, म्हणजे आजाऱ्यांना बरं करण्यासाठी प्रार्थनेची, सभा भरली. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. शेवटच्या दिवशी मी पुढं गेले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. अंगभर ऊब पसरल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं, हे आजही सांगते. एक गोष्ट स्पष्ट करते, कारण लोक लगेच त्यांच्याकडं बोट दाखवतात. गोळ्या बंद कर, असं त्यांनी मला सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही.

आमच्याकडं महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्ष असते. ज्याला देवाचा अनुभव आला तो मेजापाशी उभा राहून सांगतो आणि सेक्रेटरी मामा ते वहीत उतरवून घेतात. बहुतेक वेळा म्हैस सापडली, पोराला नोकरी लागली, असं असतं. मी उभी राहिले. मला टीबी होता, हे आधी सांगितलं. मग मी म्हणाले, "देवानं मला बरं केलं." मागून हालेलुया आला. तो आवाज अंगावर घेण्यासारखा होता. त्या आवाजाच्या भरात मी पुढचं वाक्य बोलले, जे मी ठरवलेलं नव्हतं: "आता मला औषधाची गरज नाही."

ते वहीत गेलं.

घरी आले. फळीवर त्या दिवसाची गोळी होती. मी हातात घेतली आणि ठेवून दिली. माय बघत होती.

"खा की."

"आत्ताच सगळ्यांसमोर काय बोलले मी?"

"बोललीस तर बोललीस. गुपचूप खा. कोण बघायला येतंय?"

"मी गुपचूप काही करत नाही, माय."

बघा, असं असतं. आयुष्यभर खोटं न बोलण्याचा ज्याला अभिमान, तो एका खोट्याला खरं ठरवायला जीव लावतो. मी विद्यार्थ्यांना शिकवायचे की अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, शहाणा होतो. मला सगळं माहीत होतं. आशाताई आल्या तेव्हा मी सांगितलं, मी आता लातुरातच खोली घेतलीय, तिकडच्या दवाखान्यातून गोळ्या घेते. बाबांनी लगीनसराईसाठी गोळ्या सोडल्या. मी साक्षीसाठी सोडल्या.

आणि मला मान मिळाला. मुरुडच्या चर्चात साक्ष द्यायला बोलावलं, आणखी दोन गावांना बोलावलं. शिकलेली मुलगी सांगते म्हणून लोक जास्त विश्वास ठेवायचे. आमच्या गायनमंडळात मला पहिल्या ओळीत मधे उभं केलं. डाव्या बाजूला एस्तेर असायची, एकोणीस वर्षांची. माझं बघून कॉलेजला गेलेली. खोकला आला तर ती मला पाण्याची बाटली द्यायची.

नांदेड

पाच महिन्यांनी क्लासमध्ये शिकवताना तोंडात गरम काहीतरी आलं. रुमाल लाल झाला. पहिल्या बाकावरची मुलं बघत होती. क्लासच्या सरांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, की मॅडम, सध्या येऊ नका. चांगल्या भाषेत बोलले. पुन्हा बोलावलं नाही.

ह्या वेळी साधा टीबी नव्हता. नेहमीच्या गोळ्यांना तो आता दाद देत नव्हता. मला नांदेडला पाठवलं. मुदखेडला माझी मावशी राहते, म्हणून पुढचा सगळा उपचार तिथं राहून करायचं ठरलं. अठरा महिने. माय सोबत येऊ शकत नव्हती, मिल सोडली तर खायचं काय? रेणापुरात तिनं सांगितलं, की मार्था पुढं शिकायला नांदेडला गेलीय.

वॉर्डात पहिले सोळा दिवस काढले. सकाळी सहाला फरशी पुसायच्या औषधाचा वास, मग थुंकीच्या डब्या, मग गोळ्या. मूठभर गोळ्या, आणि गिळून होईस्तोवर नर्स समोर उभी. त्यानंतर दोन तास सगळा वॉर्ड उलटी दाबून पडलेला. कुणी कुणाशी बोलायचं नाही, कारण बोलायला तोंड उघडलं की सगळं बाहेर.

शेजारच्या खाटेवर गयाबाई होत्या, लोह्याकडच्या एका खेड्यातल्या. उशीखाली बाबासाहेबांचा फोटो, पिशवीत मुरमुरे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू तर शिकलेली दिसतीस. तुला कसा झाला ह्यो मोठा टीबी?"

मी त्यांना खरं सांगितलं. परकी बाई, परत भेटणार नाही, म्हणून सांगून टाकलं.

त्या हसल्या. हसता हसता खोकल्या. "म्हंजे तुह्या देवानं सांगितलं व्हतं का, गोळी खाऊ नको म्हणून?"

"नाही."

"मग त्याच्यावर कशाला आळ घालून राहिली? माझं बरंय बाई. दारुड्या नवऱ्यानं गोळ्या नाल्यात टाकल्या. कुणाला शिव्या द्यायच्या ते तरी ठाऊक हाय." मग मूठभर मुरमुरे माझ्या चादरीवर ठेवले. "खा. उलटी झाली तर झाली."

बाराव्या दिवशी सकाळी मी उठले तर त्यांची खाट धुतलेली होती. गादी उन्हात टाकली होती. मी नर्सला विचारलं नाही.

देवदानकाका

मुदखेडला मावशीच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती, ती मला दिली. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मावशी वाईट नव्हती. ताट ठेवून जाताना ती दारातच थांबून दोन मिनिटं बोलायची, पदर नाकाला लावून. त्या दोन मिनिटांची मी दिवसभर वाट बघायचे.

गोळ्यांनी रंग काळवंडला. आरशात बघितलं तर वेगळीच बाई. तळपायांना मुंग्या यायच्या, मग हळूहळू पाय जमिनीवर आहेत का नाहीत ते कळेना. प्रार्थना बंद झाली होती. देवाशी काय बोलणार? मीच त्याच्या नावानं जाहीर केलेलं. तो माझ्यावर रागावला असेल असं वाटायचं, आणि मीही त्याच्यावर.

मावशीनं त्यांच्या चर्चातल्या देवदानकाकांना बोलावलं. रेल्वेत रूळ बदलून देणारे पॉइंटमन होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. चौथी शिकलेले. मला वाटलं, आता हा म्हातारा डोक्यावर हात ठेवणार. मी आधीच मान मागं घेतली.

त्यांनी खोलीत पाऊलही टाकलं नाही. म्हणाले, "भायेर ये. वारं कुठून वाहून राहिलं बघून बस." अंगणात लिंबाखाली मी एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला. सोबत एक अर्धवट विणलेली बाज घेऊन आले होते. पट्टी ओढत ओढत म्हणाले, "मावशी म्हणली प्रार्थना करा. करू. पण आधी तू कर. मला ऐकू दे तू काय सांगून राहिली त्याला."

मी केली. मला ते येतं. स्तुती, उपकार, विनंती, सगळं ओळीनं, शुद्ध मराठीत. बाबांच्या अंत्यविधीलाही मीच केली होती.

काकांनी पट्टी घट्ट केली. "हे तर माइकवरलं झालं," ते म्हणाले. "आता तुझं सांग."

मला राग आला. चौथी शिकलेला माणूस मला प्रार्थना शिकवणार? मी म्हणाले, "माझं काही नाही."

"मग हेच सांग त्याला. माझं काही न्हाई म्हण. आमेन म्हण. झालं."

जाताना त्यांनी एक काम दिलं. रोज गोळ्या गिळल्यावर देवाला एकच वाक्य सांगायचं. मोठ्यानं. एकच, दुसरं नाही, आणि ते खरं पाहिजे. "दुसऱ्या वाक्यापासून माणूस फुगवायला लागतो," म्हणाले. मला ते ऐकून कानशिलं तापली, कारण माझी साक्ष दुसऱ्या वाक्यालाच बिघडली होती आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

ते दर रविवारी दुपारी यायचे. मी आठवड्याची सात वाक्यं सांगायची. "देवा, मला पाय कळत नाहीत." "देवा, मावशी नाकाला पदर लावते." एकदा, "देवा, आज मला तू आवडत नाहीस." मला वाटलं, काका रागावतील. ते म्हणाले, "ह्ये बरं हाय. स्तोत्रं वाचलीस ना तू? तू तर चर्चात वाचत व्हतीस. त्यात अर्ध्या जागी माणूस भांडूनच राहिला. तुला वाचताना दिसलं न्हाई का?"

दिसलं नव्हतं. मी उच्चार सांभाळत वाचायचे.

मी त्यांना विचारलं, की तुम्ही हे कुठं शिकलात? त्यांनी बाजेची पट्टी आवळली. मग म्हणाले, बायको गेली तेव्हा ते पीत होते, ड्यूटीवरसुद्धा. स्टेशनवरचे एक म्हातारे ख्रिस्ती हमाल वर्षभर दर रविवारी त्यांच्यापाशी येऊन बसले. "उपदेश न्हाई केला त्यानं. नुसतं विचारायचा, आज खरं काय हाय? मी शिव्या द्यायचो. त्यो म्हणायचा, बरं, ह्ये खरं हाय." पट्टीला गाठ मारली. "माझ्यापाशी कुणी बसला, म्हणून मी तुझ्यापाशी बसून राहिलो. माझं काय विशेष न्हाई."

बाजूला कोण होतं

पाचव्या महिन्यात माझी थुंकी स्वच्छ आली. आता माझ्यापासून कुणाला धोका नव्हता. मावशीनं ताट एकत्र केलं. त्या रविवारी माझं वाक्य होतं: "देवा, मी साक्षीत खोटं बोलले आणि बोलताना मला कळत होतं."

मग मी सगळंच सांगितलं. वही, हालेलुया, मुरुड, गायनमंडळ.

ते साक्षीबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "गाताना तुझ्या बाजूला कोण व्हतं?"

मी लिंबाचा पडलेला पाला गोळा करायला लागले.

"मार्था. कोण व्हतं बाजूला?"

"एस्तेर," मी म्हणाले. "मागं अब्राहाममामा. माझ्याशिवाय अकरा जण होते."

"त्याह्यला ठाऊक हाय?"

जीवशास्त्र शिकलेली मी. हवेतून पसरतो हे मी परीक्षेला लिहिलंय, आणि मुलांकडून लिहून घेतलंय. पाच महिने मी स्वतःच्या फुफ्फुसाचा, स्वतःच्या रंगाचा, स्वतःच्या देवाचा विचार करत होते. त्या अकरा जणांचा विचार मनात आला की मी कूस बदलायचे.

"मला झोप येतेय काका," मी म्हणाले आणि खोलीत गेले. पुढचे तीन रविवार बाहेर आले नाही. ते यायचे. दाराच्या फटीतून मला बाज दिसायची, त्यांचे गुडघे दिसायचे. हाक मारली नाही. तासाभरानं बाज उचलून जायचे.

मी मायला फोन करून सांगितलं, की चर्चात उभी राहून साक्ष मागे घेणार आहे. दोन दिवसांनी ती मिलचा खाडा करून स्वतः आली. अंगणात उभी राहूनच म्हणाली, "तू तर इथं राहशील. मला त्या गावात राहायचंय."

"माय, एस्तेरला झाला असेल तर?"

"आन् नसला तर? मिलातल्या बाया मला चमत्कारवाल्या पोरीची माय म्हणतेत. तुझा बाप गेल्यावर पयल्यांदा कुणी मला चांगल्या नावानं हाक मारली. ते बी काढून घेतीस?" मग हळू आवाजात, "गुपचूप सांग ना तिच्या मायला. उभं राहून कशाला?"

तिचं बरोबर होतं, निम्मं. पण मुरुडच्या लोकांनी, त्या दोन गावांच्या लोकांनी ते ऐकलं होतं. त्यांच्यातल्या कुणी माझ्यासारखी गोळी ठेवून दिली असली तर? हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मायशी भांडताना सुचलं.

चौथ्या रविवारी मी बाहेर आले. काकांनी विचारलं, "आज खरं काय हाय?"

"मला भीती वाटते."

"हाव," ते म्हणाले. "मी येतो संगं."

रेणापूर

मुदखेडहून नांदेड, नांदेडहून लातूर, लातूरहून रेणापूर, तीन एसट्या. काकांचे गुडघे दुखत होते, वाटेत दोनदा त्यांना उभं राहावं लागलं. चर्चात ते सर्वांत मागच्या सतरंजीवर बसले.

साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. माझा काळवंडलेला रंग बघून कुजबुज झालीच होती. मी म्हणाले, "मागं मी इथं साक्ष दिली होती. ती खोटी होती. मी बरी झाले नव्हते. गोळ्या सोडल्या, आजार वाढला, आणि तसल्या आजारात मी तुमच्यामध्ये उभी राहून गायले. गायनमंडळातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्या. माझं ऐकून कुणी औषध सोडलं असेल, तर उद्याच दवाखान्यात जा."

सेक्रेटरी मामांनी पेन उघडून धरलं होतं. त्यांनी ते लिहिलं नाही. म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी देव इथं नव्हता, असं म्हणणं आहे का तुझं?"

"देव होता मामा. मी खोटं बोलले."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्यांचं असंच. तवा बी हिचंच खरं, आता बी हिचंच खरं." कुणी हसलं. माय जमिनीकडं बघत होती. एस्तेरची आई उठली, एस्तेरचा दंड धरला आणि तिला ओढत बाहेर घेऊन गेली. जाताना एस्तेरनं माझ्याकडं बघितलं. ती खोकत होती. तो खोकला मला ओळखू आला.

परतीच्या एसटीत मी रडले. काकांनी धीर दिला नाही. खिडकी थोडी उघडली, एवढंच केलं.

आता

हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांच्या हातात आत्ता गोळी आहे आणि मनात देव आहे. दोन्ही धरता येतात. पण एखादा माणूस शोधा, ज्याच्यापुढं तुम्हाला बरं झाल्याचं सोंग आणावं लागणार नाही. तो पाळकच असला पाहिजे असं नाही. माझा पॉइंटमन होता. तो मीच शोधला असं मला म्हणताही येत नाही. मावशीनं बोलावला, मी तीन आठवडे दार लावून घेतलं, तो बसून राहिला.

आमच्या अकरा जणांनी हळूहळू तपासणी केली. काहींनी मला शिव्या देत केली. दोघांना निघाला, अब्राहाममामांना आणि एस्तेरला. अब्राहाममामा उपचाराच्या चौथ्या महिन्यात गेले. त्यांच्या मातीला मी गेले होते. लांब उभी राहिले, कुणी जवळ बोलावलं नाही. एस्तेरची आई माझ्याशी आजही बोलत नाही, आणि तिनं बोलावं अशी अपेक्षा मी करत नाही. माय बोलते. मिलातल्या बायका तिला काय म्हणतात ते मी विचारलं नाही. माझे तळपाय अजून पूर्ण जागे झालेले नाहीत. चालताना खाली बघावं लागतं.

रविवारी मी काकांकडं जाते. आता तेच जास्त खाटेवर असतात. एक वाक्य ते सांगतात, एक मी सांगते.

अठरा महिन्यांचा उपचार मी एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. एस्तेरनंही केला.